नवऱ्या मुलाचे कपडे : ट्रायलला आधी मांडी घालून बसा

गेल्या दिवाळीआधी भाच्याबरोबर लक्ष्मी रस्त्यावर शेरवानी बघायला गेलो होतो. चौथ्या का पाचव्या दुकानात त्याला एक पसंत पडली. मोतिया रंग, छातीपासून खालपर्यंत जरदोसी, आत घट्ट चुडीदार. आरशासमोर उभा राहिला तेव्हा खरंच रुबाबदार दिसत होता. सेल्समनने त्याच्याच मोबाइलवर चार फोटो काढून दिले. मी म्हटलं, "छान आहे. आता खाली बस."

"खाली म्हणजे?"

"मांडी घालून. गुरुजी तुला खुर्ची देणार नाहीत."

दुकानात गादी होती, त्यामुळे जागेचा प्रश्न नव्हता. भाचा वाकला, एक गुडघा टेकला आणि तिथेच अडकला. चुडीदार गुडघ्यात वळेना, शेरवानीची पुढची कड वर येऊन पोटाशी गोळा झाली, कॉलर हनुवटीखाली रुतली. उठताना त्याला माझा हात धरावा लागला. "मामा, राहू दे ही," म्हणाला आणि स्वतःच आत जाऊन बदलून आला.

आपल्याकडचं लग्न बरंचसं पाटावर लागतं. पुण्याहवाचन, कन्यादान, लाजाहोम हे सगळं बसून. उभं राहायचं ते मंगलाष्टकांना, सप्तपदीला आणि रिसेप्शनला. शिवाय दिवसभरात वाकून नमस्कार किती, त्याची मोजदाद नाही. खरेदी मात्र आपण सगळी उभ्याने करतो, आरशात बघून. माझ्या स्वतःच्या रिसेप्शनच्या सुटाला शिंप्याने पँटच्या मागच्या शिवणीत दबावच, म्हणजे आतलं जादा कापड, ठेवला नव्हता. तिसऱ्या की चौथ्या नमस्काराला ती उसवली. उरलेला सगळा वेळ मी पाठ पडद्याला लावून उभा होतो आणि लोकांना वाटलं नवरा मुलगा लाजाळू आहे. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक लग्नात कपड्यांचं खातं माझ्याकडे असतं.

दुकानात जायच्या आधी : कागद आणि गुरुजी

पहिलं काम कागदावरचं. कार्यक्रम एकाखाली एक लिहा: साखरपुडा, हळद, सीमांतपूजन, मुहूर्ताची वेळ, होम, रिसेप्शन. प्रत्येकापुढे चारच गोष्टी टिपायच्या. बसायचं आहे की उभं राहायचं? वातानुकूलित हॉल आहे, साधं कार्यालय आहे की उघडं लॉन? दिवस की रात्र? आणि आधीच्या कपड्यांतून या कपड्यांत यायला मिनिटं किती? शेवटचा रकाना बहुतेक जण विसरतात. मुहूर्त बारा वाजून काही मिनिटांचा, लगेच होम, त्यानंतर पंगत आणि चार वाजता कार्यालय रिकामं करायचं, असं असेल तर पाच पोशाखांची हौस म्हणजे दिवसभर वरपक्षाच्या खोलीत नाडी बांधणं आणि सोडणं. माझ्या मते हळद धरून चार जोड खूप झाले.

दुसरं काम म्हणजे गुरुजींना फोन. होमाला सोवळंच हवं की कुर्ता-धोतर चालेल, हे घराघरात वेगळं असतं. काही गुरुजी शिवलेला कपडा चालवत नाहीत, काहींचं काहीच म्हणणं नसतं. वीस हजारांची शेरवानी घेतल्यावर "होमाला बसताना ही उतरवा" असं ऐकण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

सोवळ्याचं म्हणाल तर खरा रेशमी कद, म्हणजे न शिवलेलं सोवळं, नेसवायला माणूस लागतो. घरातले काका किंवा आजोबा असतील तर प्रश्नच नाही. नसतील तर हल्ली शिवलेलं, इलॅस्टिक लावलेलं सोवळं मिळतं, ते घ्यावं. शुद्ध परंपरावाले नाक मुरडतील, पण सप्तपदीत सुटण्यापेक्षा ते परवडलं. आत साधी सुती हाफ पँट हवीच. उपरणं मात्र चांगलं लांब घ्या, अडीच मीटरच्या आसपास. वधूच्या शेल्याशी त्याची गाठ मारतात, आणि ते आखूड असलं की अग्नीभोवती फिरताना दोघंही वाकून चालतात.

होमाशेजारी बसायचं म्हणून आणखी एक. पॉलिस्टरवर ठिणगी पडली की ते वितळतं, भोक पडतं आणि कातडीला चिकटलं तर भाजतं. सुती कापड पटकन पेटतं. रेशीम आणि लोकर सहजी पेट घेत नाहीत, आणि ज्योत बाजूला झाली की बहुधा आपणच विझतात. सोवळ्यासाठी रेशीम निवडताना आपल्या पूर्वजांनी हा विचार केला होता का, कोण जाणे. पण आजही उपयोगी पडतो. त्यामुळे होमाला बसताना सिंथेटिक शेला आणि फेट्याचा लोंबता शेमला आवरून घ्यावा.

शिंप्याचं कॅलेंडर आपलं कॅलेंडर

कार्तिक शुद्ध द्वादशीपासून तुळशीची लग्नं लागतात आणि पाठोपाठ माणसांची सुरू होतात. म्हणजे दिवाळीनंतर पुण्यातल्या प्रत्येक चांगल्या मास्तरांकडे रांग. डिसेंबरचं लग्न असेल तर कापड दसऱ्याआधी मास्तरांच्या हातात पडलेलं हवं. माझी युक्ती विचाराल तर पितृपंधरवडा. लोक नवीन खरेदी टाळतात, दुकानं रिकामी असतात, मास्तरांना माप घ्यायला निवांत वेळ असतो. तुमच्या घरी चालत नसेल तर नुसतं बघून या, कापडाची नावं टिपून ठेवा आणि घटस्थापनेला पैसे द्या.

सूट किंवा बंदगळा शिवायचा असेल तर सहा ते आठ आठवडे धरा. त्यात दोन ट्रायल हव्यात. पहिली कच्च्या शिलाईची, दुसरी तयार झाल्यावर. एकाच ट्रायलमध्ये भागवू म्हणणारे मास्तर टाळा. आणि हो, लग्नाआधी व्यायामशाळेत नाव घालणारे मुलगे असतात. त्यांनी शेवटचं माप लग्नाच्या तीन आठवडे आधी पुन्हा द्यावं. केळवणं सुरू झाली की कमावलेली कंबर कुठे जाते ते सांगायला नको.

पुण्यात कुठे काय

लक्ष्मी रस्त्यावर कुंटे चौकाच्या आसपास तयार शेरवान्या, कुर्ते, जॅकेटं, सगळं एका रांगेत मिळतं. सूटिंगचं कापड तिथेही आहे आणि रविवार पेठेतही. पेठेत चमक कमी, पण थान उलगडून दाखवायची तयारी जास्त. मुंडावळ्या, उपरणी, पूजेचं बारीकसारीक तुळशीबागेत. ब्रँडेड सूट आणि चामड्याचे बूट यासाठी मी कॅम्पात महात्मा गांधी रस्त्यावर जातो. शनिवार-रविवारी लक्ष्मी रस्त्यावर गाडी घेऊन जाऊ नका. सप्टेंबर २०२४ पासून मंडईला मेट्रोचं स्टेशन झालंय, तिथे उतरून चालत जा. मंगळवार-बुधवारी सकाळी गेलात तर दुकानदार तुमचं ऐकतो तरी.

सोबत किती माणसं न्यायची? दोन. एक खरं बोलणारा आणि एक पैसे देणारा. आठ जणांचा ताफा गेला की आठ मतं येतात आणि नवरा मुलगा नवव्याच रंगाला हो म्हणून मोकळा होतो.

हिशोबातली एक गोष्ट. सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या किमतीला १८ टक्के. कापडावर ५ टक्केच. महागाचा तयार सूट आणि तेवढ्याच प्रतीचं कापड घेऊन शिवलेला सूट यांची तुलना करताना हा फरक मांडून बघा. शिलाई धरूनही कधी कधी शिवलेला स्वस्त पडतो.

कुर्ता, शेरवानी की बंदगळा

हळदीला पांढरा सुती कुर्ता, स्वस्तातला. हळदीच्या डागावर साबण लावला की तो लाल होतो, घाबरू नका. स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळत घाला, फिकट होत जातो. रेशमी कुर्ता हळदीला घालणाऱ्याला मी काही सांगत नाही.

मुहूर्ताला रेशमी किंवा टसरचा कुर्ता, धोतर किंवा सैल पायजमा आणि वर बिनबाह्यांचं जॅकेट. बसता येतं, वाकता येतं, उकडलं तर जॅकेट काढता येतं. मामाच्या भूमिकेत मीही हेच घालतो. कुर्ता शिवून घेणार असाल तर ४४ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) अडीच ते तीन मीटर कापड लागतं, उंचीप्रमाणे. सुती असेल तर आधी भिजवून वाळवून मगच मास्तरांना द्या, नाहीतर पहिल्या धुण्यात बाही मनगटाच्या वर. बाजूच्या चिरा किती उंच आहेत ते बघा. कमी असल्या की मांडी घालताना कुर्ता ताणून फाटतो.

शेरवानीचा मोह असेल तर जरूर घ्या, पण कमी कामाची. भरगच्च जरदोसीची शेरवानी सहज दोन-तीन किलो भरते. मुंढ्याशी, म्हणजे बाही जोडतात तिथे, आणि बाहीच्या आतल्या बाजूला भरतकाम असेल तर तासाभरात काख सोलवटते. आतलं अस्तर हाताने चाचपून बघा. खरबरीत असलं तर सोडून द्या. चुडीदारऐवजी सरळ पँट किंवा सैल सलवार मागा. भाड्याने घेणार असाल तर काखेतलं अस्तर उलटं करून बघा, वास घ्या, लाजू नका. हूक आणि बटणं मोजा. अनामत रक्कम कधी आणि कशी परत मिळणार ते पावतीवर लिहून घ्या.

बंदगळा, ज्याला दुकानात जोधपुरी म्हणतात, मला सगळ्यांत आवडतो. लग्नानंतरही वापरला जातो. त्याचं सगळं गळ्यावर आहे. हूक लावा, एक बोट आत जातं का बघा, आवंढा गिळा, मान खाली घाला. नवऱ्या मुलाची मान दिवसभर खालीच असते. गळा टोचला तर मास्तरांना तिथेच सांगा, "सवय होईल" या उत्तरावर बाहेर पडू नका.

काळ्या रंगाविषयी. शुभकार्यात काळं नको, हे घरातलं कुणीतरी म्हणणारच, आणि त्यांच्याशी वाद घालून उपयोग नाही. गडद निळा, वाइन, बाटलीहिरवा घ्या. काळ्या रेशमी कुर्त्यावर जीवच जडला असेल तर घेऊन ठेवा. पहिल्या संक्रांतीला सासरी काळंच घालायचं असतं, वर हलव्याचा हार.

सूट : इथे वेळ द्या

सुटात पुण्यातले निम्मे नवरे फसतात, कारण रंग आणि बटणं बघतात, खांदा बघत नाहीत. खांद्यापासून सुरुवात करा. कोटाची शिवण तुमच्या खांद्याचं हाड संपतं तिथे संपली पाहिजे. भिंतीशी कडेने उभं राहून टेका. दंड टेकायच्या आधी कोटाचं पॅड टेकलं तर खांदा मोठा आहे. हा दोष सांगून सुधारत नाही. खांदा उसवून बसवणं म्हणजे जवळपास नवा कोट शिवणं. तसंच गळ्याचं. मानेमागे शर्टाची कॉलर आणि कोटाची कॉलर यांच्यात फट पडत असेल तर तो कोट तुमचा नाही. कोटाची उंचीही नंतर बदलत नाही, कारण खिसे आणि काजं आपल्या जागी राहतात. कोटाने मागची बाजू झाकली गेली पाहिजे. सध्याची आखूड कोटांची फॅशन पाच वर्षांनी अल्बममध्ये धाकट्या भावाचा कोट घातल्यासारखी दिसेल.

कंबर, बाही आणि पँट यांची काळजी करू नका, ते अल्टर होतं. वरचं बटण लावा. बटणापाशी इंग्रजी एक्ससारख्या सुरकुत्या आल्या तर आवळतोय. मूठ आत सहज गेली तर ठीक. खालचं बटण लावायचंच नसतं, ते शोभेचं. बाही मनगटाच्या हाडापर्यंत, शर्टाचा कफ साधारण एक-सव्वा सेंटिमीटर बाहेर. आणि शर्ट कुठला घालणार आहात तोच घालून ट्रायलला जा. टी-शर्टवर कोटाची ट्रायल देणारे मी डोळ्यांनी पाहिलेत.

आता पँट. मास्तरांना स्पष्ट सांगा: मागच्या शिवणीत दोन इंच दबाव, आसन थोडं सैल, मांडीला घट्ट नको. मग बसा, वाका, खाली पडलेला रुमाल उचला. मोहरीची, म्हणजे पँटच्या खालच्या तोंडाची, रुंदी तुमच्या आवडीची, पण पँट बुटावर एकच हलकी मोड घेऊन थांबली पाहिजे. माप देताना जो बूट घालणार तो पायात हवा.

कापडाकडे या. दोन तुकड्यांच्या सुटाला ५८ इंच पन्ह्याचं तीन ते सव्वातीन मीटर लागतं. उंच किंवा भरल्या अंगाच्या माणसाला थोडं जास्त. दुकानदार 'सुपर १००', 'सुपर १२०' म्हणतो तो लोकरीच्या धाग्याच्या बारीकपणाचा आकडा. जास्त आकडा म्हणजे जास्त तलम, पण तेवढंच नाजूकही. वर्षानुवर्षं वापरायच्या सुटाला १०० ते १२० पुरे. टेरीवूल, म्हणजे पॉलिस्टर-लोकर मिश्रण, चालतं. निव्वळ पॉलिस्टर-व्हिस्कोस थंडीत निभावतं, मे महिन्यात नाही. परीक्षा सोपी आहे: कापडाचा कोपरा मुठीत दहा सेकंद आवळा आणि सोडा. चांगली लोकर लगेच मोकळी होते.

कोटाच्या आत आकार धरून ठेवणारा थर कसला आहे तेही विचारा. कॅनव्हास शिवलेला की बकरम चिकटवलेलं? चिकटवलेलं स्वस्त असतं आणि ड्रायक्लीनच्या चार फेऱ्यांनंतर छातीवर फुगे येऊ शकतात. खालच्या बटणाजवळ कोटाचं कापड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून हलकेच ओढा. मध्ये तिसरा सुटा थर हाताला लागला तर कॅनव्हास आहे.

हवामानाचा विचार केल्याशिवाय रंग-कापड ठरवू नका. मे महिन्यात पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो. तेव्हा अर्ध्या अस्तराचा कोट आणि फिकट रंग. डिसेंबर-जानेवारीत म्हात्रे पुलाजवळच्या किंवा सिंहगड रस्त्यावरच्या उघड्या लॉनवर रात्री दहाच्या सुमाराला कुडकुडायला होतं. तेव्हा थ्री-पीस शोभतो आणि उबही देतो. जूनमधलं लॉन असेल तर पँटची मोहरी आणि चिखल यांचा विचार आधीच करा.

तयार सूट घरी आणल्यावर पहिलं काम कात्री घेणं. कोटाच्या मागच्या चिरेवर पांढऱ्या दोऱ्याचे टाके घातलेले असतात, तशीच बाहीवर कंपनीची पट्टी शिवलेली असते. दोन्ही काढायच्या असतात. दर हंगामात एखादा तरी नवरा मुलगा ती पट्टी मिरवत स्टेजवर उभा असतो आणि सांगायला कुणी जात नाही. खिसेही कच्चे शिवलेले असतात. ते मात्र उसवले नाहीत तर बरं, मोबाइल कोंबला जात नाही.

डोकं आणि पाय

फेटा बांधणारा माणूस वेगळा ठरवा आणि त्याला मुहूर्ताच्या तासभर आधी बोलवा. नवऱ्याचा फेटा सगळ्यांत शेवटी, मुंडावळ्या बांधायच्या ठरल्यावर. आधी बांधला की मुंडावळ्यांसाठी वर-खाली करताना सैल पडतो. पुणेरी पगडी तयार मिळते, त्यामुळे डोक्याचा घेर टेपने मोजून न्यावा लागतो. कपाळाच्या मधून, कानांच्या वरून, मागचा फुगीर भाग धरून. या पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, पण सैल पगडी मंगलाष्टकांच्या अक्षता चुकवताना नाकावर येते, त्याला मानांकन काही करू शकत नाही.

पायात, कुर्ता किंवा सोवळ्याच्या वेळी, कोल्हापुरी. दिवसभर घाल-काढ असते, नाडीचे बूट वैताग आणतात. नवी कोल्हापुरी लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. पंधरा दिवस आधी आतून खोबरेल लावा आणि रोज अर्धा तास घरात घालून फिरा. सुटाला चामड्याचे बूट, पट्टा त्याच रंगाचा. आणि मोजे नवे. मांडवात बूट काढायचे असतात, अंगठा बाहेर आलेला सगळ्यांना दिसतो.

बाकीचे पुरुष

वडील, मामा, भाऊ यांनी नवऱ्याच्या रंगाचं काही घेऊ नये, एवढं पाळलं तरी पुष्कळ. सगळ्या वऱ्हाडाला एकाच रंगाची जॅकेटं शिवायची पद्धत निघाली आहे. फोटोत बरी दिसतात, पंगतीत वाढप्यांचे गणवेश वाटतात. कान पिळायला येणाऱ्या वधूच्या भावाला द्यायचा कपडा आधीच घेऊन, बांधून ठेवा. ऐनवेळी पाकिटावर भागवलं की तो पुढची दहा वर्षं ऐकवतो.

आदल्या रात्री

प्रत्येक जोड वेगळ्या पिशवीत आणि प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी: 'मुहूर्त', 'होम', 'रिसेप्शन'. आत त्या जोडाचं सगळं हवं, म्हणजे नाडी घातलेला पायजमा, बनियन, मोजे, रुमाल, बटणं. नाडी खरंच घातली आहे ना, हात लावून बघा. एक छोटी डबी वेगळी: सुई, पांढरा-काळा-मोतिया दोरा, दोन मोठी बटणं, डझनभर सेफ्टी पिना, छोटी कात्री. ती डबी नवऱ्याकडे द्यायची नाही, त्याला खिसे नसतात.

भाच्याच्या लग्नात ती माझ्या जॅकेटात होती. त्याने शेवटी बाटलीहिरवा बंदगळा शिवला, दोन ट्रायल दिल्या, दोन्हीत मास्तरांच्या दुकानात पाटावर बसला. रिसेप्शनला सगळ्यांना वाकून नमस्कार केले, काही उसवलं नाही. डबी लागली ती व्याह्यांच्या कुर्त्याला, पंगतीत बसता बसता.